घरटी एक गडी

लढाई म्हणजे मंडईसारखं काहीतरी असावं, असं मला वाटायचं. दिवाळी सरली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. ढोल वाजतात, माणसं नवे कपडे घालून येतात, जिलबी मिळते आणि घरचे बाप्ये दोन-दोन दिवस घरी फिरकत नाहीत. लढाईबद्दल मी जे ऐकलं होतं त्यातही ढोल होते, कपडे होते, आणि बाप्ये घरी येत नव्हते. मग फरक तो काय? जिलबीचं तेवढं कोणाला विचारायचं राहिलं होतं. पंधरा-सोळा वर्षांची घोडी, आणि अक्कल ही अशी. आता नाती शाळेतून येऊन मला जगाचा नकाशा समजावतात तेव्हा मी मुकाट ऐकून घेते. त्या वयात माझा नकाशा कुरखेड्याच्या बाजारापाशी संपायचा आणि बाजाराच्या पलीकडे लढाई असायची.

हे इंग्रज गेल्यानंतरचं सांगते आहे. जिल्हा तेव्हा चांदा. गडचिरोली म्हणजे नुसती तहसील. जमीनदारी कायद्यानं नुकतीच गेली होती. जमीनदार उठून नागपूरला राहायला गेला. त्याचा दिवाणजी मात्र इथंच राहिला. कायदा जमीनदाराला लागला होता, दिवाणजीला लागला नसावा. मागच्या मोठ्या लढाईत, म्हणजे मी कडेवर होते तेव्हा, ह्याच दिवाणजीनं गावागावांतून गडी उचलून नेले होते. जंगलात डेरा टाकून साग पाडायचा, त्याचे सिलपाट करायचे, म्हणजे रेल्वेच्या रुळाखाली घालतात त्या जाड फळ्या, आणि गाड्या भरून मूल गावाच्या बाजूला पाठवायच्या. मजुरी नाही. लढाईची बेगार म्हणत तिला. आमच्या आत्याचा नवरा त्या बेगारीत गेला तो परत आला नाही. झाड अंगावर आलं, असा निरोप आला. आत्या तेव्हापासून आमच्याच घरी होती आणि तिच्या तोंडाला कोणी लागत नसे.

तर त्या वर्षी धानाची मळणी आटोपली आणि दिवाणजीची रेंगी, म्हणजे हलकी बैलगाडी, गावात आली. बैल धापा टाकत होते, दिवाणजीही. दोन चपराशी पायी मागून आले. पाटलाच्या दारी बाज टाकली, तिच्यावर बसून त्यानं हुकूम सांगितला: सरकारची लढाई पुन्हा सुरू झाली आहे, घरटी एक गडी द्यायचा, पावसाळा लागेपर्यंत.

"आता त राज बदललं म्हनते न, दिवानजी?" कोणीतरी मागून विचारलं.

"राज बदललं. लढाई थोडीच बदलली?"

मला तर ते फार खरं वाटलं. राज बदललेलं कुठं आम्हाला दिसलं होतं? मग लढाई संपलेली तरी कशी दिसणार?

आमच्या घरात बाप्ये तीन. माझा बा, माझा मोठा भाऊ, आणि तो. त्याचं नाव घेणार नाही. नवऱ्याचं नाव बायका घेत नाहीत. हा नवरा झालाच नाही, तेव्हा घ्यायला हरकत नव्हती खरं तर. तरी नाही घेत.

आमच्यात रीत अशी की ज्या पोराकडं मुलीच्या बापाला द्यायला काही नसेल, त्यानं मुलीच्या घरी येऊन राबायचं. नांगरायचं, लाकडं आणायची, राखण करायची. बापाचं मन भरलं की मग मांडव पडायचा. हा लहानपणीच पोरका झाला, काकाच्या घरी वाढला. काकानं त्याला आमच्याकडं आणून सोडलं तेव्हा एक घोंगडी आणि तो, एवढाच ऐवज होता. त्याला येऊन तीन हंगाम झाले होते. बाचं मन काही भरत नव्हतं. फुकटात नांगर चालत असला की मन भरायला वेळ लागतो.

मी त्याचे काय हाल केले! घोंगडीत लाल मुंग्या सोडल्या, पेजेत मिठाचा खडा जास्तीचा टाकला, कुऱ्हाड लपवून ठेवली. तो काही बोलायचा नाही. मुंग्या झटकायचा, पेज प्यायचा, कुऱ्हाड शोधायचा. मी त्याला मंद समजत होते. मैत्रिणींना सांगायची, माह्या वाट्याले बैल आला, फक्त शिंगं नाईत. मोठी राजकन्या ना मी! नाक चपटं, पायाला भेगा, केसात उवा, आणि नवरा मात्र घोड्यावरचा पाहिजे होता.

दिवाणजी गेला त्या दिवशी जेवताना बानं विषय काढला.

"घरटी एक म्हनते. मी गेलो त घरदार कोन पाहीन? पोरगा गेला त..." आणि बानं भावाकडं पाहिलं. भावाची मान ताटात. भात कालवून कालवून त्याचा चिखल झाला होता.

"मी जातो न, मामाजी," तो म्हणाला. कोणी त्याला विचारलंही नव्हतं.

बाचा चेहरा असा उजळला! "बराबर हाय. हा बी आपल्याच घरचा गडी."

"घरचा हाय त मांडव काऊन नाई टाकला अजून?" आत्यानं चुलीजवळून विचारलं.

माय हळूच म्हणाली, "नाई टाकला तेच बरं. तिकडं काई कमीजास्त झालं त पोरीच्या कपाळाले लागत नाई."

आमचं घर केवढं, त्यात हळू बोलणं कुठलं. त्यानं ऐकलं. हात धुतले आणि बैलांना पाणी दाखवायला गेला.

आणि मी? मी त्याच्या मागं गेले. तुम्हाला वाटेल की आता ही पोर काही समजुतीचं बोलणार. मी विचारलं, "लढाईत टोपी देते काय रे?"

"देत असन."

"मग मले दाखवाले आनजो. अन् आरसा मिळन त आरसा बी आन."

"पाहीन," तो म्हणाला. आरसा आणायला निघालेला माणूस कसा दिसतो ते मी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं: खांद्यावर आमच्या घरची कुऱ्हाड, कमरेला फडकं, फडक्यात मूठभर पोहे. गावातले आणखी काही गडी बरोबर होते. ढोल नव्हता. मला जरा फसवल्यासारखं वाटलं.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी गावातून जे गेले त्यांत घरचा थोरला, लाडका असा एकही नव्हता. कोणाचा असाच राबता घरजवाई, कोणाचा पोसलेला पुतण्या, कोणाचा बहिरा भाऊ. गावानं हुकूम पाळला, आणि गाव तसंच्या तसं राहिलंही. मला वाटतं दिवाणजीलाही हे दिसत होतं. त्याला कुऱ्हाड धरणारे हात हवे होते, हात कोणाचे ह्याच्याशी काय करायचं होतं?

होळीच्या सुमारास रेंगी पुन्हा आली. डेऱ्यावर ताप पसरला होता, शेजारच्या गावचा एक माणूस दगावला होता, काम मागं पडलं होतं. घरटी आणखी एक गडी, दिवाणजी म्हणाला आणि दोन दिवसांची मुदत देऊन पुढच्या गावाला गेला.

मग मात्र आमच्या गावाला जुलूम दिसला. काय सांगू तुम्हाला, पहिल्या गड्याच्या वेळी जे सरकारी काम होतं ते दुसऱ्या गड्याच्या वेळी अन्याय झालं. जो तो मुठी आवळून बोलू लागला. सगळ्यांत मोठा आवाज माझ्या बाचा. भाऊ तर कुऱ्हाडीला धार लावत बसला, दिवाणजीला तोडतो म्हणून. आत्या त्याला म्हणाली, "धार कमी लाव गा. पहिल्या खेपेले बोथट होती तवा कुठी होतास?" पण तीही खूश होती. नवरा गेल्यापासून ती ह्याच दिवसाची वाट बघत असावी.

युक्ती निघाली ती भुमकाकडून. भुमक म्हणजे आमचा गावचा पुजारी. आजूबाजूला पटकीची, देवीची साथ आली की तो गाव बांधतो. शिवेवर राख आणि तांदूळ टाकत फिरतो, वाटांवर पाल्याचं तोरण ओढतो. गाव बांधलं की आतला बाहेर जात नाही, बाहेरचा आत येत नाही, भुमक सोडेपर्यंत. जो मोडेल त्याच्या मागं रोग आत येतो आणि गावातल्या प्रत्येक मढ्याचा तो धनी होतो. डेऱ्यावर ताप होताच. भुमक म्हणाला, ही बी पटकीच हाय, रेंगीत बसून येते एवढाच फरक. दुपारच्या आत त्यानं गाव बांधून टाकलं.

दिवाणजी आला तेव्हा तोरणाच्या आत सगळं गाव उभं. बाप्ये मागं, बाया पुढं, हातात मुसळं. मीही मुसळ घेऊन होते. माय म्हणाली, "आज बरं सापडलं तुले मुसळ, कांडायच्या वक्ताले त सापडत नाई."

"हा काय तमाशा हाय?" दिवाणजी ओरडला. "सरकारची लढाई चालू हाय अन् तुमी दोऱ्या बांधून राह्यले?"

"कोनासंगं चालू हाय, दिवानजी?" आत्यानं विचारलं.

"शत्रूसंगं!"

"त्याले सागाच्या फळ्या फेकून मारता काय?"

बाया हसल्या. दिवाणजीनं चपराशाला पुढं ढकललं. चपराशी इथलाच, जवळच्या गावचा. त्यानं राखेकडं पाहिलं, तांदळाकडं पाहिलं, भुमकाकडं पाहिलं आणि चपला काढून हातात घेतल्या. "मालक, घरी लेकरं हायत," म्हणाला आणि मागं सरकला. दुसरा तर आधीच रेंगीच्या आड होता. दिवाणजीनं स्वतः एक पाय उचलला, तो थोडा वेळ हवेत राहिला आणि जिथला तिथं खाली आला. मी आयुष्यात पुष्कळ मोठी माणसं पाहिली, पण असा अधांतरी पाय पुन्हा पाहायला मिळाला नाही.

बातमी वाऱ्यासारखी गेली. नाल्यापलीकडची गावंही बांधली गेली. दोन-चार दिवसांत डेऱ्यावरच्या सिलपाटांच्या ढिगाला कोणीतरी आग लावली. जंगलावर धूर दिसला तेव्हा आमच्याकडं लोक नाचले. मीही नाचले. ज्यांना डेऱ्यावर धाडलं होतं त्यांचं काय, हे नाचताना कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो आला.

तोरणाच्या बाहेर मोहाचं झाड होतं, त्याला टेकून बसला. एका पायाला चिंधी बांधलेली, ती काळी पडलेली. बाजूला आमच्या घरची कुऱ्हाड. डोळे लाल, अंग थडथडत होतं. आगीच्या गोंधळात पळाला होता. बाकीचेही पळाले, पण ते कुठं कुठं पांगले, ह्याला मात्र आमचंच घर आठवलं.

"मामाजी," त्यानं हाक मारली. "पानी."

गाव पुन्हा तोरणाशी जमलं. भुमकानं लांबूनच त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्या बापाकडं वळला.

"हा तुह्या घरचा काय, भाऊ? घरचा असन त गावचा हाय. मी कोंबडं देतो अन् वाट उघडतो. जिम्मा तुह्या घरावर. घरचा नसन त मंग ज्याच्यासाठी गाव बांधलं तेच हे दाराशी आलं."

बा तोरणाची पानं खुडू लागला. त्याच्या मनात काय चाललं होतं ते आज मला स्वच्छ दिसतं. हो म्हटलं तर उद्या गावात कोणाला ताप आला की बोट आमच्या घराकडं. हो म्हटलं तर दिवाणजी म्हणणार, तुमचा गडी पळाला, दुसरा द्या. दुसरा म्हणजे भाऊ.

"सांग न भाऊ," भुमक म्हणाला.

"लगन नाई लागलं," बा म्हणाला. "रीतीनं पाह्यलं त तो त्याच्या काकाच्या घरचा."

"पाठवला तवा कोनाच्या घरचा होता रे?" आत्या किंचाळली. बानं ऐकलंच नाही. भुमकानं मान हलवली. रीत बाच्या बाजूची होती. मांडव पडला नव्हता. काकाच्या गावात तो 'गेलेला' आणि आमच्या गावात 'न आलेला', असा त्या मोहाखाली बसला होता.

आता माझी शूरता ऐका. मी घरात गेले, वाळल्या भोपळ्याचा तुंबा भरून पेज घेतली आणि तोरणाखालून बाहेर पडले. काही थोर विचार केला म्हणून नाही. ते 'पानी' कानात बसलं होतं आणि बाचा राग आला होता, एवढंच. पाचव्या पावलाला समजलं की आता आत जाता येणार नाही, आणि मी मागं वळून पाहिलं. पण सगळं गाव बघत होतं. बघणारे असले की मी कुठंही चालत गेले असते.

"माघारी ये!" बा ओरडला.

"गेली ते गेली," भुमक म्हणाला. "आता गाव सुटल्यावर."

माय रडत होती. आत्या म्हणाली, "रडतेस काऊन वो? घरात एक त मानूस निपजलं." माझी छाती फुगली. मंडईतल्या नाटकात नटी शेवटच्या प्रवेशात उभी राहते तशी मी मोहाखाली उभी राहिले. त्यानं पेज घेतली, अर्धी सांडली, अर्धी प्याला आणि झोपला. नाटक संपलं.

गाव सुटेपर्यंत आम्ही तिथंच होतो. आत्या रोज तोरणाखालून अन्न सरकवायची. मी पाल्याचा आडोसा केला, नाल्याचं पाणी आणलं, पायाला पाला वाटून लावला. तो ग्लानीत असायचा, जाग आली की जरा बोलायचा. इतक्या वर्षांत मी त्याचं बोलणं ऐकलंच नव्हतं, माझंच चालायचं. ताप थोडा उतरला तेव्हा मी म्हटलं, "टोपी नाई आनली?"

तो हसला. दात चांगले होते त्याचे, मला पहिल्यांदाच दिसले.

"लढाई कुठी हाय पन?" मी विचारलं.

"कुठीच नाई. गाडीवाल्याले पुसलं मी. तो म्हने, लढाई त केव्हाचीच सरली. फळ्या ठेकेदाराच्या वखारीत जाते, अन् पैसा दिवानजीच्या घरी."

मला आधी खोटंच वाटलं. मग आत्याचा नवरा आठवला. तो तरी खऱ्या लढाईत मेला होता, असं मनात आलं, आणि हा विचार किती घाणेरडा आहे तेही त्याच वेळी कळलं. त्या झाडाखाली मी थोडी मोठी झाले. फार नाही. कारण उरलेला वेळ मी मनात आमचा मांडव घालत होते. ह्यानं आता मला सोडून जायचं कसं? मी त्याच्यासाठी गाव सोडलं, म्हणजे तोही आता माझाच. माझा हिशेब बाच्या हिशेबासारखाच होता, फक्त त्याला हळद लावलेली होती.

मोहाची फुलं गळू लागली तेव्हा तहसिलीतून एक साहेब आला. शिपाईही होते. त्यानं तोरणाबाहेरून सांगितलं की असा कुठलाच हुकूम नाही, बेगार कोणी कोणाकडून घ्यायची नाही. दिवाणजी तोवर नागपूरला पसार झाला होता. जाता जाता साहेबानं आग लावल्याबद्दल नाल्यापलीकडच्या चार गरीब गड्यांना बांधून नेलं. ह्या धरपकडीचा हुकूम मात्र त्याच्याजवळ होता. भुमकानं कोंबडं दिलं, तोरण तोडलं. गाव सुटलं.

बा लगेच झाडाखाली आला. आवाजात साखर.

"चाल गा, घरी चाल. मोह पडून राह्यला, वेचाले हात नाईत. पोरगी बी तुह्यापाशी राह्यली, आता मांडव टाकून देऊ. काय?"

तो उठला. अजून लंगडत होता. "कोनाच्या घरी, मामाजी?"

"कोनाच्या म्हंजे? आपल्या."

त्यानं कुऱ्हाड उचलली, फडक्यानं पुसली आणि बाच्या पायाशी ठेवली. "हे तुमच्या घरची हाय," म्हणाला. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रागावलेल्या माणसाची समजूत घालता येते.

मग माझ्याकडं वळला. मी पदर नीट केला. आता हा म्हणणार, चाल. मी 'हो' म्हणायच्या आधी थोडं लाजायचं की नाही, एवढाच प्रश्न उरला होता.

"पेज चांगली होती," तो म्हणाला. "मीठ कमी होतं."

आणि गेला. नाल्याच्या वाटेनं, काकाच्या गावाकडं नाही, भलत्याच दिशेनं. मी तो वळून पाहील म्हणून उभी राहिले. वळणावर गेला, दिसेनासा झाला, तरी उभी. शेवटी माय येऊन म्हणाली, "चाल, मोह तरी वेच." मी टोपली घेतली आणि त्याच झाडाखाली मोह वेचला.

त्याच्याबरोबर उघड्यावर राहिलेली पोरगी, म्हणून मला पुढं कोणी विचारीना. मूलच्या बाजूला एका बिजवराला दिलं. तो वाईट नव्हता. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच.

आता आमच्या गावात त्या गोष्टीचा कार्यक्रम होतो. दरवर्षी नाही, कोणी पुढारी यायचा असला की होतो. मंडप, सतरंज्या, माईक. त्या वेळचे बाप्ये आता उरले नाहीत, एक माझा भाऊ आहे. त्याला हार घालतात. गेल्या खेपेला मी माहेरी होते, नातीला घेऊन बायांत जाऊन बसले. भाऊ माईकवर थरथरत्या आवाजात म्हणाला, "सारा मुलूख झुकला, पन आमच्या गावानं एक बी गडी देल्ला नाई."

टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर मी बसल्या जागेवरून म्हटलं, "एक त देल्ला होता न, भाऊ. आपल्याच घरून."

त्यानं डोळे बारीक करून बायांकडं पाहिलं. मला ओळखलं. क्षणभर आठवल्यासारखं केलं, मग माईकमध्येच म्हणाला, "तो? तो आपल्या गावचा कुठी होता वो, बाई?"

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हाही भाषणातलाच भाग. मी हसले. इतकी मोठ्यानं हसले की पुढच्या रांगेतला पुढारी मान वळवून पाहू लागला आणि नातीनं माझा पदर ओढला. म्हातारी चळली, असं बाया म्हणाल्या असतील. भाऊ माईक धरून तसाच उभा होता. त्याला पुढचं वाक्य सापडत नव्हतं, आणि मी काही हसायची थांबत नव्हते.